मेमचाबाईंची किल्ली

ओळख झाली की लोक नातवंडांचे फोटो दाखवतात. मेमचाबाई घर दाखवायच्या. आमच्या कळंबोलीच्या इमारतीत त्या लेकीकडे राहायला आल्या, तेव्हा शेजारधर्म म्हणून मी चहा घेऊन गेले. त्यांनी मला खुर्चीत बसवून मोबाइल पुढे धरला. मणिपूरच्या डोंगरातलं पत्र्याचं घर, मागे छोटं तळं, अंगणात ओट्यावर तुळस. "अगंबाई, अगदी आमच्यासारखंच," मी म्हटलं. तर म्हणाल्या, "नहीं दीदी, आप हमारा जैसा." बाई पहिल्या दिवसापासून मला वरचढ होत्या.

त्यांचं हिंदी मोडकं, माझं त्याहून मोडकं. लेक पनवेलच्या एका दवाखान्यात नर्स. ती घरी असली की दुभाषी व्हायची आणि आमच्या गप्पा निम्म्यावर आणायची. भाजीवालीशी मात्र बाई मराठीतून भांडायच्या. "ताजा नाय," म्हणत मुळ्याची जुडी परत टोपलीत टाकायच्या.

त्यांच्या गावात दोन जमातींमध्ये गोळीबार सुरू झाला, घरं पेटू लागली, तेव्हा त्यांना लपवलं ते पलीकडच्या जमातीतल्या शेजारणीने, होइनूने. पहाटे स्वतःची शाल यांच्या डोक्यावर टाकून तिने यांना लष्कराच्या ट्रकपर्यंत पोचवलं. ट्रकमध्ये चढताना मेमचाबाईंनी घराची किल्ली तिच्या हातात दिली. मग छावणी, आणि छावणीतून लेकीकडे. कुणी 'निर्वासित' म्हटलेलं त्यांना खपत नसे. "घर है. बस, हम इधर है," म्हणायच्या.

दर रविवारी होइनूला व्हिडिओ कॉल व्हायचा. ती फाटक दाखवायची, तुळस दाखवायची. स्वतः ख्रिस्ती, पण तुळशीला न चुकता पाणी घालायची. आत जाऊन स्वयंपाकघर दाखव म्हटलं की तिचं नेटवर्क जायचं. "अशी शेजारीण मिळायला भाग्य लागतं," मी म्हणायचे, आणि मेमचाबाई खुलायच्या.

गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी मी तिथेच मटार सोलत बसले होते. फोनमध्ये तुळस दिसली. ओट्यावर लहान मुलांचे ओले कपडे वाळत घातलेले. होइनूला तर मूलबाळ नाही. मेमचाबाईंनी त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. होइनू बराच वेळ बोलत राहिली, मग रडायला लागली. यांनी फोन बंद केला.

काय झालं ते लेकीने सांगितलं. खोऱ्यात राहणाऱ्या होइनूच्या बहिणीचं घर जाळलं गेलं होतं, तेही मेमचाबाईंच्याच जमातीच्या लोकांकडून. ती बहीण मुलांना घेऊन पहिल्या महिन्यापासून यांच्या घरात राहत होती. "आईने विचारलं, मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, तू आता कधीच परत येणार नाहीस, आमचे लोक तुला येऊ देणार नाहीत. हे मी तुला कोणत्या तोंडाने सांगू?"

मला संताप आला. जिचे मी इतके महिने गोडवे गायले, ती बाई दर रविवारी फाटक दाखवून यांना झुलवत होती. पण मेमचाबाईंचा चेहरा बघवेना, म्हणून समजूत घालायला म्हटलं, "जाऊ द्या हो. तिची बहीणही बिचारी बेघरच झाली ना?"

त्या माझ्याकडे वळल्या. "मांगता तो हम देता, दीदी. बच्चा लोग है, ना बोलता क्या?" मग म्हणाल्या, "वो भी बेघर, हमको मालूम. इसीलिए तो गाली भी नहीं दे सकता."