वेल्श हिल्सच्या वळणावर आबांचा हॉर्न

माझे वडील, म्हणजे आबा, आईबरोबर अमेरिकेत येऊन तीन आठवडे झाले होते आणि त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, "तिकीट अलीकडचं मिळतंय का बघ की." परतीला अजून सव्वादोन महिने होते. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. ओहायोतल्या डब्लिनला नोकरी लागली तेव्हाच ठरवलं होतं, तीस वर्षं पाटणच्या डोंगरात वडापची, म्हणजे सीटमागे भाडं घेणारी जीप चालवलेल्या माणसाला आता आराम द्यायचा. तो माणूस माझ्या सोफ्यावर बसून सुकत होता. डोंगर दिसला तर रमतील, म्हणून रविवारी सकाळी निघालो. मी, आबा, मागे आई आणि थालीपिठांचा डबा.

डब्लिनहून पूर्वेला तासाभरात ग्रॅनव्हिल हे छोटं गाव येतं. त्याला लागूनच वेल्श हिल्स. दोनशे वर्षांपूर्वी वेल्समधून आलेली माणसं इथे वसली. जाणार असाल तर हायवे सोडून आतल्या दुपदरी रस्त्यानेच जा. टोल नाही, गर्दी नाही, अर्ध्या टाकीत आरामात परत येता. त्या दिवशी लख्ख ऊन होतं. कापलेल्या गवताचा वास, लाल कोठारं, उतारावर गाई.

"ह्याला डोंगर म्हणत्यात व्हय?" आबा म्हणाले. "आपल्याकडं टेकाड म्हणतील." पण ते खिडकीला चिकटून बसले होते.

वळणं सुरू झाली. "हॉर्न मार."

"आबा, इथे उगाच हॉर्न मारला तर लोकांना शिवी दिल्यासारखं वाटतं."

"शिवी कशाची? म्होरच्याला सांगायचं, आम्ही येतोय."

पुढचं वळण खरंच आंधळं होतं. मी काही बोलायच्या आत आबांचा हात स्टिअरिंगवर आला. दोन छोटे, एक लांब.

"झालं!" आई मागून म्हणाली. "आता पोलीस येतील."

पोलीस नाही आले. वळणापलीकडे एक आजोबा कुंपण रंगवत होते. ते ब्रश घेऊनच रस्त्याकडे आले. मी गाडी कडेला घेतली, माफी मागितली, घाटातली रीत सांगितली. ते हसले. "मला वाटलं, कुणी ओळखीचं आलं."

आईने थालीपीठ पुढे केलं. ते खात, तिखटाने आलेलं डोळ्यांतलं पाणी पुसत, त्यांनी सांगितलं की त्यांचे पूर्वज वेल्सचे. ही टेकडी आपल्या गावासारखी दिसते म्हणून इथे थांबले.

"विचार त्यास्नी," आबा म्हणाले, "परत कुणी गेलं का?"

"एकजण," आजोबा म्हणाले. "दोन वर्षांत बोटीने परत. आमच्या घरात त्याला अजून कच्चा म्हणतात. पण त्याची पत्रं आहेत. मेंढरं, पाऊस, शेजाऱ्यांची भांडणं. सगळी खुशीत लिहिलेली."

मी मराठीत सांगितलं. "कच्चा न्हवता त्यो," आबा एवढंच म्हणाले.

ग्रॅनव्हिलला आईस्क्रीम खाल्लं. रविवारी गाडी लावायला जागा सहज मिळाली. परतताना आबा पहिल्यांदा भरभरून बोलले. सातच्या खेपेला कोण कुठे चढायचं, दुधाचे कॅन कुठे बांधायचे, बाळंतिणीला घेऊन पावसात कसं उतरले. शाळेला मीही त्याच जीपने जायचे, दोघांच्या मधे अंग चोरून. त्यांच्या कामाला मी आयुष्यभर नुसते कष्टच म्हणत आले. त्यांना ते इतकं आवडत असेल, हे कधी विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी लॅपटॉप उघडला. "आबा, शुक्रवारचं मिळतंय."

"रागावलीस?"

"नाही."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "एकाचंच बदल. मी माझे तीन महिने पुरे करणार. मला अजून पुष्कळ बघायचंय."

आबांनी आपला एकट्याचा पासपोर्ट माझ्यापुढे ठेवला.

आता आईही परत गेली आहे. माझ्या सकाळी, त्यांच्या संध्याकाळच्या खेपेआधी, आबांचा फोन येतो. मागे इंजिन सुरू असतं, कुणीतरी चल म्हणून ओरडत असतं. "गाडी भरली, ठेवतो," म्हणतात आणि माझं बोलणं अर्ध्यावर तोडून खरंच ठेवतात. मला त्याचं फार बरं वाटतं.