ओढ आणि सोड

त्या गल्लीत नवीन आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी वाटायचं, की कोपऱ्यावरच्या मोटारींच्या काचांच्या दुकानात एक संसार आता मोडतोय. आवाजच तसे यायचे.

"ओढ!"

"ओढतेय की!"

"अगं, सोड आता!"

"नक्की सोडू? मागाहून म्हणाल, का सोडलीस."

भांडण सोडवायला धावत आलेल्या भल्या माणसाला दारात दिसायचं ते असं: एक मोटार, तिच्या पुढच्या काचेबाहेर घामाघूम झालेले भाऊ, आत सीटवर मांडी ठोकून बसलेल्या वहिनी, आणि काचेच्या कडेतून आरपार गेलेली एक बारीक पोलादी तार. तारेच्या दोन्ही टोकांना लाकडी मुठी. एकाने ओढली की दुसऱ्याने सोडायची. करवतीने लाकूड कापावं तशी ती तार काच धरून ठेवणारा काळा चिकटा कापत इंचाइंचाने पुढे सरकायची. भला माणूस मग उगाच आपल्या गाडीच्या काचेची चौकशी करून परत फिरायचा. भाऊंची दोन-तीन कायमची गिऱ्हाइकं अशी भांडण सोडवायला म्हणूनच आलेली होती.

भाऊ आणि वहिनी ही नावं गल्लीने ठेवलेली. घरात ते एकमेकांचे 'अहो' आणि 'अगं'. खरी नावं काय ती वीजबिलालाच ठाऊक.

भाऊंनी धंदा सुरू केला तेव्हा काचा रबराच्या पट्टीत बसायच्या. पट्टी सोलायची, आतून पायाने दाब द्यायचा, की काच शहाण्या मुलासारखी बाहेर. मग चिकटवलेल्या काचा आल्या आणि एकट्याचं काम दुकट्याचं झालं. तेव्हा आत बसायचा तो वहिनींचा भाऊ, म्हणजे भाऊंचा मेहुणा. एके दिवशी अर्ध्या काचेवर "दाजी, आलोच" म्हणून तो गेला, तो थेट पडद्यांच्या दुकानात नोकरीला लागला. नेमक्या त्याच वेळी वहिनी जेवणाचा डबा घेऊन आल्या. भाऊ म्हणाले, "अगं, पाच मिनिटं आत बसतेस का?"

त्या पाच मिनिटांना आता सव्वीस वर्षं होत आली होती.

सव्वीस वर्षांत त्या तारेवरून काय काय गेलं! लेकीचं नाव ठरलं ते शाळेच्या बसच्या काचेवर. भाऊ एकेक नाव घेऊन ओढायचे, वहिनी "शी!" म्हणून परत ओढायच्या. खालची कड सुटेपर्यंत नाव पक्कं झालं होतं. कधी अबोला असला तर तारही मुकाट चालायची, पण वरच्या कोपऱ्यावर हटकून अडकायची. तिथे कुणीतरी 'ओढ' म्हटल्याशिवाय निघायचीच नाही. त्यामुळे त्यांचा कुठलाही अबोला एका काचेपेक्षा जास्त टिकला नाही.

या वर्षी मात्र वहिनींच्या उजव्या अंगठ्याने संप पुकारला. आधी कप निसटला, मग कुलपाची किल्ली फिरेना. वहिनी डाव्या हाताने तार ओढायला लागल्या आणि भाऊंना काही कळत नाही असं समजत राहिल्या. भाऊही काही न कळल्यासारखं करत राहिले. शेवटी हाडांच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "ओढाओढ बंद. कायमची."

"हलकीशी चालेल?" भाऊंनी विचारलं.

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "हलकी ओढाओढ कुठे असते, ते तुम्हीच सांगा."

दोन दिवसांनी हत्यारांचा विक्रेता पेटी घेऊन आला. त्याने दोन चक्र्या बाकावर मांडल्या. दोन्हींना काचेला चिकटणारी रबरी वाटी आणि फिरवायचा दांडा. एकीवर पोलादी तार, दुसरीवर बारीक विणलेली दोरी.

"तार नाहीतर दोरी बाहेरून काचेभोवती घालायची, टोक आत घ्यायचं, आणि आत बसून चक्री फिरवायची, की चिकटा कापला जातो. एकट्याचं काम, भाऊ! दुसरा माणूसच नको!"

बिचाऱ्याला वाटलं, आपण हुकमाचं पान टाकलं. भाऊंचा चेहरा पडला.

"ही तार डॅशबोर्डला चरे पाडेल," ते म्हणाले.

"मग दोरी घ्या."

"ही तुटेल."

"कशी तुटेल? ताणून बघा."

भाऊंनी ताणली. तुटली नाही. "हिचा रंग बरा नाही," ते म्हणाले.

विक्रेता हुशार. दोन्ही चक्र्या शनिवारपर्यंत वापरून बघायला ठेवून तो निघून गेला. पलीकडून वहिनी सगळं ऐकत होत्या. पाच मिनिटांत सबंध मोटार पसंत करणारा हा माणूस दोरीचा रंग बघतोय, म्हणजे दुखणं दोरीत नाही, एवढं त्यांना समजलं.

त्यात दातांच्या डॉक्टरांची जुनी गाडी आली. त्यांच्या वडिलांची. काचेखालचा पत्रा गंजलेला. काच काढून, पत्रा दुरुस्त करून तीच काच परत बसवायची होती, कारण तसली काच आता कुठेच मिळत नव्हती. "फुटली तर गाडी शोभेची झाली म्हणून समजा," दातांचे डॉक्टर म्हणाले. आयुष्यभर लोकांना घाबरवलेला माणूस स्वतः घाबरलेला पाहून गल्लीला बरं वाटलं.

शुक्रवारी दुपारी वहिनी हात शेकायला दवाखान्यात गेल्या आणि भाऊंनी एक अचाट बेत केला. चक्र्या बाकावर तशाच ठेवून त्यांनी जुनी तार काचेच्या कडेतून घातली, आतली मूठ स्टिअरिंगला बांधली, बाहेर येऊन पाय रोवले आणि सवयीने म्हणाले, "ओढ!"

कुणी ओढलं नाही. मग त्यांनी स्वतःच हिसका दिला. तार हॉर्नवर दाबली गेली, गाडीने बोंब ठोकली आणि काच कर्रकन वाजली.

शेजारचा सीटकव्हरवाला धावत आला. "काय भाऊ, वहिनी नाहीत म्हणून गाडीला भांडायला लावलंत?"

त्याच्या मागून वहिनी आल्या. काच शाबूत होती. वहिनींनी स्टिअरिंगला बांधलेली मूठ बघितली आणि सीटकव्हरवाल्याकडेही बघितलं. त्याला एकदम काहीतरी काम आठवलं.

"एवढं वाकडं कशाला? चक्र्या काय खायला उठतात?"

"तसं नाही."

"मग कसं?"

भाऊ मुठीवरचा नसलेला डाग पुसायला लागले. "ते यंत्र एकट्याचं आहे म्हणे. मग तू दिवसभर घरी बसून करणार काय?"

"मी घरी बसणार, असं कोण म्हणालं?" वहिनी म्हणाल्या. "दोरी बाहेर फटीत नीट दाबायची असते. सुटली तर परत बसवायची. तुम्ही आत चक्री फिरवणार, मग बाहेर कोण बघणार, हॉर्न?"

त्यांनी पोलादी तार काचेच्या कोपऱ्यात दाबून बघितली. ती स्प्रिंगसारखी उसळली आणि दुखऱ्या अंगठ्याला लागली. वहिनींनी फक्त ओठ आवळले. मग त्यांनी डाव्या हाताने दोरी दाबली. दोरी फटीत जाऊन गपचूप बसली.

भाऊ बघत होते. त्यांनी लगेच विक्रेत्याला फोन लावला. "दोरीवाली ठेवतो."

"भाऊ, तार जास्त टिकते. दोरी धारेवर गेली की—"

"टिकू दे. तार रंग खरवडते," भाऊ म्हणाले आणि वहिनींकडे न बघता फोन ठेवला.

शनिवारी सकाळी, चिकटवलेल्या काचा आल्यापासून पहिल्यांदा, भाऊ काचेच्या आत बसले. वाटी चिकटवली, दोरी अडकवली, दांडा फिरवला. दोरी चिकट्यातून लोण्यासारखी चालली. खालच्या कडेवर मात्र बाहेरून काचेवर टकटक झाली.

"थांबा! पत्रा उचकटलाय इथे. सोडा जरा, सोडा!"

भाऊंनी दोरी सैल केली. गंजलेल्या पत्र्याच्या धारेवर दोरीचे दोन पदर उसवले होते. अजून एक वेढा, की दोरी तुटली असती, आणि उरलेली कड पात्याने खरवडताना त्या म्हाताऱ्या काचेची धडगत नव्हती. वहिनींनी धारेवर प्लास्टिकची पट्टी सरकवली आणि दोरी तिच्यावरून बसवली.

भाऊ आतून बघत होते. वहिनींचं कपाळ काचेला जवळजवळ टेकलं होतं.

"अगं," भाऊ म्हणाले, "आतून माणूस फार जवळ दिसतं."

"मला सांगताय?"

"मी कसा दिसायचो?"

"जीभ बाहेर काढून ओढायचात. सव्वीस वर्षं."

"कधी बोलली नाहीस ती!"

"बोलले असते तर जीभ आत घेतली असतीत. मग मी आत बसून बघायचं काय?" वहिनींनी डाव्या अंगठ्याने दोरी शेवटची दाबली आणि काचेवर टिचकी मारली. "हं, ओढा आता."