भिंती धुवू नका

आमच्या वाडीतल्या पोरांची पोटं पुढं आलेली असायची. पोट नगाऱ्यासारखं, पाय काडीसारखे आणि डोळे पिवळट. लग्न होऊन मी खानापुराकडून या रानात आले तेव्हा मला वाटलं, इथली पोरं भात फार खातात. सासूबाईंना तसं बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "तुला झाली की तू बी घाल खायला, मग बघ." पुढं माझीच दोन पोरं तशी झाली आणि दोन्ही गेली. एक नऊ महिन्यांचं, एक दीड वर्षाचं. ते पोट भाताचं नव्हतं. थंडीतापानं पानथरी, म्हणजे बरगडीखालची प्लीहा, वाढून पोट तसं होतं, हे मला पुढं एका सरकारी डॉक्टरानं सांगितलं. तोवर सांगून काही उपयोग उरला नव्हता.

स्वातंत्र्याला दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा पंपवाले यायला लागले. बादली, नळी, पंप घेऊन घरात, गोठ्यात शिरायचे आणि आतून सगळ्या भिंतींवर, वाशांवर डीडीटीचं पांढरं पाणी मारायचे. पहिल्या वर्षी आम्ही बायांनी त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. मग ढेकूण मेले. दुसऱ्या वर्षी दारं आपणहून उघडली. डास मरतात की जगतात याच्याशी वाडीत कुणाला काही देणंघेणं नव्हतं. डास काय, चावतो आणि जातो.

त्या पहिल्या फवारणीनंतर मला मुलगी झाली. डॉक्टर वर्षातून एकदा पोरांना रांगेत उभं करून डाव्या बरगडीखाली बोटं दाबून बघायचा. हिच्या पोटावर हात ठेवून तो म्हणाला, "इथं काही लागत नाही." तीन वर्षांची झाली तरी लागलं नाही. वाडीतलं ते पहिलं सपाट पोट. मी तिला परकर खाली सरकवून मिरवायची, कुणी हसलं तर हसो.

डॉक्टराबरोबर एक धारवाडकडचा तरुण माणूस यायचा. हातात बॅटरी आणि काचेची नळी. सकाळी घरात येऊन कोपऱ्याकोपऱ्यांतून डास पकडायचा, नळी तोंडात धरून श्वासानं ओढून घ्यायचा आणि बाटलीत सोडायचा. गडीमाणसं म्हणायची, "आमी डास हाकलतो फुकट, ह्यो पकडायचा पगार घेतो." तो हसायचा. इथला डास ओढ्याच्या वाहत्या पाण्यात वाढतो, रात्री माणसाला चावतो आणि मग रक्त जिरेपर्यंत भिंतीवर बसून राहतो, हे त्यानं मला एकदा सांगितलं होतं. बसतो त्याच जागी औषध हवं, म्हणून भिंत. मला ते पटलं होतं. चार इयत्ता शिकलेली मी, मला सगळंच पटायचं.

चार वर्षं पंपवाले दिवाळी उरकल्यावर येत होते. पण ताप भात पोसवायला लागलं की सुरू होतो, म्हणजे दिवाळीच्याही आधी. ते त्या तरुणानं वर लिहून कळवलं आणि पाचव्या वर्षी पंपवाले श्रावणातच आले. जाताना त्यांचा मुकादम ओसरीवर उभा राहून ओरडला, "तीन म्हैनं भिंती धुवायच्या न्हाईत!"

आम्ही पोट धरून हसलो. शेजारीण म्हणाली, "मातीची भित धुतल्यावर घर कुठं ऱ्हाईल, बाबा?" तोही हसला. त्याला वरून कागदावर तेच लिहून आलं होतं, बहुतेक चुन्याच्या भिंतींत राहणाऱ्या कुणीतरी लिहिलेलं. धुऊ नका म्हणाला, आम्ही धुणार नव्हतोच.

मातीनं पोतारू नका, असं कुणी म्हणालं नाही.

चवथीचा गणपती भावकीत एकाच घरी, मूळ घरी बसतो. ते घर आमचं. बाकी सगळे आमच्याकडे येऊन आरती करतात, जेवतात. त्यांच्या भिंती दिवाळीला पोतारल्या जातात, आमच्या मात्र चवथीला. फवारणीनं भिंतीवर पांढरे ओघळ आले होते, जणू कुणी ताक सांडलं होतं. गणपती तशा घरात आणायचा? तांबडी माती आणि शेण कालवून मी आतल्या सगळ्या भिंती आढ्यापर्यंत पोतारल्या. वर शेडीच्या पांढऱ्या मातीनं वेली काढल्या. सासूबाईंनी जन्मात पहिल्यांदा माझ्या कामाला चांगलं म्हटलं. गोठा तेवढा तसाच राहिला, गोठा कोण पोतारतंय.

दसरा होऊन दहा दिवस झाले आणि पोरगीला हुडहुडी भरली. गोधड्यांवर गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. मग अंग तव्यासारखं. घरात थंडीतापावरचं ठेवणीतलं कोयनेल होतं ते दिलं, तिनं ओकून टाकलं. पुन्हा दिलं, पुन्हा ओकली. वाडीत दुसऱ्या एकाही घरात ताप नव्हता. मी देवाला विचारत होते, माझंच घर का? दोन नेलीस, पोट भरलं नाही का? असं मोठ्यानं बोलत होते, सासूबाईंनी तोंडावर हात ठेवेपर्यंत.

चौथ्या दिवशी तो डासवाला आला. पोरीला बघून त्याचा चेहराच उतरला. बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घेतलं, गोळ्या कुटून पाण्यातून पाजल्या. मग भिंतींकडे बघितलं.

"अक्का, भिंती धुतल्या काय?"

"न्हाई सायेब. देवाशपथ न्हाई."

त्यानं नखानं भिंत खरवडली. तांबडा पापुद्रा पडला, खाली पांढरं दिसलं. त्यानं बाटलीतले डास दोन काचेच्या पेल्यांत सोडले. एक पेला माझ्या वेलींवर पालथा दाबून धरला. दुसरा घेऊन माझ्या नवऱ्याला गोठ्यात पाठवलं, तसाच भिंतीवर धरून बसायला सांगितलं. बराच वेळ गेला. मग त्यानं मला गोठ्यात नेलं, सासूबाईही मागून आल्या. त्या पेल्यातले डास तळाशी पाय वर करून पडले होते. घरातल्या पेल्यातले उडत होते.

समजायला मला कुणी काही सांगावं लागलं नाही. माझी जनावरं राखली गेली होती आणि माझी पोरगी मी माझ्या हातांनी उघडी टाकली होती. मी भिंतीवर डोकं आपटलं. तो माझ्यापुढं हात जोडून म्हणाला, "अक्का, चूक आमची हाय. आमाला तुमची रीत म्हाईत न्हवती." त्या माणसाचा मला तेव्हा राग आला. चूक वाटून घेतल्यानं ताप उतरत नाही.

दुपारनंतर पोरीला झटके यायला लागले. झोळी करून तिला सुप्याच्या दवाखान्याकडे काढलं. नवरा आणि दीर पळत होते, मी मागून तिचा पाय धरून. काळी नदीवर होडी पलीकडच्या काठाला होती. आम्ही हाका मारल्या, शेवटी होडी निघाली. ती अलीकडे येईपर्यंत माझ्या हातातला पाय गार झाला. दवाखाना पलीकडे दिसत होता.

दिवाळीला सहा दिवस उरले होते. आमच्यात पोराचंही दहा दिवस सुतक, पण ते भावकीला नाही, त्याच घरापुरतं, म्हणून फक्त आमच्या घरी सण नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी मी परसात बसले होते, तेव्हा बाया बुट्ट्या घेऊन ओढ्यापलीकडं जाताना दिसल्या. वाडीची तांबड्या मातीची खाण तिथं. दिवाळीचा पोतारा काढायला निघाल्या होत्या.

मी धावत गेले. सांगितलं, भिंतीला माती लावू नका, औषध झाकतं, माझी पोरगी तशीच गेली, मीच मारली. एवढं सगळं एका दमात. त्या माझ्याकडे कळवळून बघत राहिल्या. शेजारीण म्हणाली, "व्हय गं बाई, व्हय. घरला जा आता." दुसरी म्हणाली, "डोक्यावर परिणाम झालाय." आणि बुट्ट्या भरू लागल्या. त्यांच्यातल्या तिघींची पोरं अंगावर पिणारी होती. पेल्यातले डास त्यांनी पाहिले नव्हते. मी सांगून सांगून काय सांगणार होते?

मग मला सुचलं ते मी केलं. सुतकातला हात लागलेली माती सणाला भिंतीवर चढत नाही. मी पुढं होऊन भरलेल्या बुट्टीत कोपरापर्यंत हात घातला. मग दुसरीत. बायांनी किंकाळ्या फोडल्या, बुट्ट्या डोक्यावर घेऊन मागं सरकल्या. मला कुणी हात लावू शकत नव्हतं आणि मी त्या सगळ्यांना गाठू शकत नव्हते. शिव्या सुरू झाल्या. रांड, चेटकी, आपलं घर बुडालं तर आमचं बुडवायला निघाली.

एवढ्यात सासूबाई येताना दिसल्या. माझ्या सावलीचाही विटाळ मानणारी ती बाई. वाटलं, आता ह्या मला ओढत नेणार. त्या माझ्याकडे न बघता सरळ खाणीपाशी गेल्या आणि आत उतरून मातीवर मांडी घालून बसल्या. सुतक त्यांनाही होतं.

"आता न्ह्या की माती," त्या म्हणाल्या.

बाया बुट्ट्या तिथंच उपड्या करून गेल्या. वाडीला दुसरी खाण नव्हती. त्या दिवाळीत एकाही घराची भिंत पोतारली गेली नाही, सगळीकडे ते पांढरे ओघळ तसेच राहिले. बाया आम्हा दोघींना वर्षभर नावं ठेवत होत्या. त्यांची पोरं पुढच्या अंगणात उघड्या, सपाट पोटांनी खेळत असायची. मला ती बघवत नसत.