आत्या चॅटरूममध्ये बसली तेव्हा

मिरजेला मी नर्सिंगला होते, तेव्हा आमच्या हॉस्टेलजवळ इंटरनेट कॅफे निघाला. नव्वदचं दशक संपत आलं होतं. चपला बाहेर काढून आत जायचं, कारण आतला एसी कॉम्प्युटरसाठी होता. आपल्याला तो फुकटात लाभायचा. आम्हा मुलींना चॅटरूमचं वेड लागलेलं. तिथं जगभरची अनोळखी माणसं एकाच वेळी लिहीत असायची आणि कुणी नवं आत शिरलं की प्रश्न ठरलेले: वय काय, बाई की पुरुष, राहता कुठं. खरं कुणीच सांगत नसे. मी तिथं लंडनची हवाई सुंदरी होते.

एकदा दुष्काळी माण तालुक्यातली माझी आत्या डोळे दाखवायला आली. तिचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. तपासताना डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घातल्यामुळं तिला धूसर दिसत होतं, आणि ऊन तर सोसतच नव्हतं. दहिवडीच्या गाडीला अवकाश होता. गारव्याला बसू म्हणून मी तिला कॅफेत नेलं.

पडद्यावर काय चाललंय ते मी तिला सांगू लागले. तिकडून वय विचारतायत म्हटल्यावर ती सावरून बसली, पदर नीट केला. मी काय लिहिते आहे ते तिनं विचारलं. हवाई सुंदरी तिला पटेना.

"मानसं आपुलकीनं इचारत्यात आन् तू खोटं सांगतीस व्हय? लिव्ह, पन्नाशी उलटली. मेंढरं हायती. डोळ्यात औशीद घातलंय."

लिहिलं. काही जण हसले. एकानं थाप झकास असल्याचं कळवलं. मग आयर्लंडच्या एका बाईनं विचारलं, मेंढ्या कुठल्या जातीच्या? तिच्याकडंही होत्या.

त्यानंतर मी फक्त दुभाषी. माझं इंग्रजी तापाचं आणि जखमेचं. लोकर कातरण्याला शब्द सापडेना, म्हणून मी मेंढीचे केस कापणं असं लिहिलं. बाईला कळलं. कोकरं कोण नेतं, असं आत्यानं विचारलं. तिकडं कोल्हे आणि कावळे. आमच्याकडं लांडगा आहे म्हटल्यावर बाईनं पुन्हा विचारून खात्री करून घेतली, आणि आत्या लांडगा स्वतःच पाळल्यासारखी खूश झाली. मग पाऊसपाण्याची चौकशी. तिकडं तो थांबतच नाही, मेंढ्यांचे खूर कुजायला लागलेत, असं उत्तर आलं.

आत्या म्हणाली, "थोडा इकडं लावून दे म्हणावं."

ते लिहीत असतानाच लाइन तुटली. इंटरनेट फोनच्याच लाइनवर चालायचं, आणि कॅफेच्या मालकाच्या घरी कुणीतरी फोन उचलला होता. बाई न सांगता उठून गेली, असं वाटून आत्या रुसली. फोनचं समजावल्यावर तो राग मालकावर गेला. त्यानं निमूटपणे लाइन परत जोडून दिली, पण बाई काही सापडली नाही.

स्टँडवर माझा हात धरून चालताना ती रंगात आली होती. गाडीत शेजारी बसलेल्या म्हातारीला तिनं लगेच सांगून टाकलं, की आज परदेशातल्या एका धनगरणीशी बोलणं झालं. म्हातारीनं साहजिकच गाव विचारलं. आत्यानं खिडकीतून माझ्याकडं पाहिलं.

मी विचारलंच नव्हतं.

"एवढं बोललीस, आन् गाव न्हाई इचारलं?" ती म्हणाली. गाडी सुटली तरी ती म्हातारीपाशी माझी तक्रार करत होती.