परवाची कॉपी

आमच्या हैदराबादी मराठीत 'परवा' म्हणजे काय, ते मला विचारा. काल सोडून मागचं सगळं परवा. माझं बारसंसुद्धा बाबांच्या लेखी परवाच झालंय. हे जन्मभर ऐकूनही मी फसले, म्हणून स्वतःचा इतका संताप येतो.

आई गेल्यावर बाबांनी नल्लकुंट्याच्या घरी, माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर, तिचा व्हिडिओ जुळवायला घेतला. निवृत्त मास्तर, पण चुकत चुकत शिकले. वर्षश्राद्धाला सगळ्यांना दाखवायचा होता. आईच्याच फोनमधल्या क्लिपा, आणि शेवटची दवाखान्यातली. त्यात ती माझ्यासाठी काहीतरी बोलली होती. ती मी पाहिली नव्हती, माझी छातीच होत नव्हती. क्लिपा कॉम्प्युटरवर घेऊन बाबांनी फोनमधलं सगळं पुसलं आणि तो कामवाल्या बाईंना देऊन टाकला.

व्हिडिओ तयार व्हायला चार-चार तास लागायचे. रविवारी मी विद्यानगरहून आले आणि म्हटलं, "बाबा, तुमचं ग्राफिक्स कार्ड पेंगतंय. थांबा, पळवते त्याला." ओव्हरक्लॉकिंग म्हणजे तेच, कार्डाला ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं. कॉलेजात मी यात मोठी शहाणी समजली जायचे ना!

पहिल्यांदा स्क्रीन काळी झाली. दुसऱ्यांदा सगळं गोठलं. बाबा म्हणाले, "नक्को ग. अति तिथे माती."

"आईच्या क्लिपांची कॉपी आहे ना?"

"हौ, परवाच काढली की."

झालं. मी व्होल्टेज आणखी वाढवलं. अर्धा व्हिडिओ झाला आणि मशीन पुन्हा अडकलं. बटण दाबून धरलं, बंद केलं, चालू केलं. पण आता क्लिपा होत्या ती डिस्कच उघडेना. नंतर तीन दुकानं फिरले, तिघांनी हात टेकले.

बाबांनी कपाटातून पेनड्राइव्ह काढून दिला. त्यातल्या क्लिपा दिवाळीच्या आधीच्या, आई आजारी पडण्यापूर्वीच्या होत्या. आई धडधाकट, चकल्या मोडल्या म्हणून सोऱ्यावर चिडलेली. दवाखाना नव्हताच.

"मी घालवली, बाबा," म्हणून मी ढसाढसा रडले. ते रागावलेच नाहीत. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. उलट पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मला पाठ आहे ग. ती म्हणाली, पोरीला सांगा, रागाच्या भरात उपाशी झोपू नको."

ते मी घट्ट धरून ठेवलं. कामाला जाताना मनात म्हणायचे.

वर्षश्राद्धाला जेवणं होत आल्यावर मावशीने बाबांना विचारलं, शेवटी काय म्हणाली हो ती? बाबा डोळे पुसत म्हणाले, "म्हणाली, पोरीला सांगा, माझ्यावर रागावू नको."

मी मावशीला ताक वाढत होते. बाबांना टोकलं नाही. कुठल्या तोंडाने टोकणार? मी ऐकलंच नव्हतं.