चौथा ‘क’

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि तुम्ही ऐकून चार जणांना सांगाल की काय, ही शंका आत्ताही मनात आहेच — स्वभावाला औषध नाही.

मध्य प्रदेश नवा नवा झाला होता. इंदूरला तुकोगंजातल्या एका छापखान्यात मी अक्षरं जुळवायचो. आमच्याकडे मोठ्या लाकडी अक्षरांचा एक संच होता. जाड, कोनदार, गोलाई नावालाही नाही. कुस्तीची दंगल, लिलाव, सिनेमा — भिंतीवर लांबून वाचता यायला हवं, की तीच अक्षरं. लग्नपत्रिकेसाठी कुणी मागितली तर मी सरळ नाही म्हणायचो. त्या अक्षरांत नवरीचं नावसुद्धा पोलिसांच्या नोटिशीसारखं वाटायचं. शहरात अशी अक्षरं फक्त आपल्याकडे, असा मालकांचा तोरा होता.

एके सकाळी मिलच्या फाटकावर एक पत्रक लागलं — ‘काम का दाम कब तक’. त्याच अक्षरांत. खाली छापखान्याचं नाव नाही. मिलवाले आमचं मोठं गिऱ्हाईक. मालकांचा संशय थेट मशीन चालवणाऱ्या बापूरावांवर गेला. त्यांचा मेहुणा मिलमध्ये होता, आणि छापखान्याची किल्ली त्यांच्याकडे असायची.

मालकांनी मला आत बोलावून पत्रक हातात दिलं. आणि — काय सांगू — लगेच दिसलं. एका ओळीत चार ‘क’. आमच्या संचात तीनच होते. ते पत्रक आमच्याकडे छापलेलं असूच शकत नव्हतं. हे कुणाला ठाऊक? फक्त मला.

मालकांनी विचारलंसुद्धा, “काय रे, इतके ‘क’ आहेत ना आपल्याकडे?”

“आहेत,” मी म्हणालो.

का म्हणालो? बापूराव माझ्या चुका मालकांच्या कानावर घालतात, असा मला वहीम होता. पुरावा? काही नाही. त्यांना त्याच दिवशी काढलं, आणि मला बरं वाटलं — हो, बरंच वाटलं. पुढच्याच आठवड्यात माझी एक चूक पुन्हा मालकांपर्यंत पोचली. मग चहाड्या करणारा कोण होता? तेव्हा तरी जाऊन खरं सांगायचं होतं. मी गेलो नाही. मालकांनी कधी अक्षरं मोजलीच, तर ‘एक फुटला’ म्हणायचं, एवढं मात्र ठरवून ठेवलं.

पुढे वर्षभराने खजरान्याला गणपतीच्या दर्शनाला गेलो, तर देवळाबाहेर बापूराव हार विकत बसलेले. मी तोंड चुकवणार, तोच त्यांनी हाक मारली.

“भिया, त्या दिवशी मालकांनी तुला आत बोलावलं ना? तू माझ्याकरता बोलला असशील, मालूम आहे मला. त्यांनी ऐकलंच नाही, तर तू तरी काय करणार?”

मी मान डोलावली.

त्यांनी सगळ्यात मोठा हार निवडून माझ्या हातात दिला. मी तो घेतला आणि दर्शनाच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.