चिखलदऱ्याला नेलेल्या दोन बाटल्या

माझा भाऊ दारूचं नाव काढलं तरी खोली सोडून जातो. आमच्या घरात त्याला सगळे दादा म्हणतात. वय त्रेसष्ट, अकोल्यात संत्र्याची आडत, तरुणपणीच रिद्धपूरला जाऊन महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेला. मांस नाही, मद्य नाही, खोटं बोलणं शक्यतो नाही. अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीने, आमच्या रुजूने, नाशिककडे नोकरी करता करता लग्नासाठी जो मुलगा पसंत केला, तो वाईनच्या कारखान्यात कामाला! द्राक्षं घेण्यापासून पिंपातली वाईन चाखण्यापर्यंत सगळं त्याच्या हातात. नाव सागर.

दादाने एका वाक्यात निकाल दिला. "दारू बनवणाऱ्याच्या घरी मी पोरगी देत नाई."

रुजू फोनवर रडली आणि मला, म्हणजे तिच्या आत्याला, कामाला लावलं. मी जठारपेठेत एकटी राहते, ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले आहे, गाडी स्वतः चालवते आणि हो, कधीमधी वाईनचा एखादा पेला घेते. दादाला ते माहीत आहे आणि त्याला ते माहीत नाही, असं आमचं दोघांचं ठरलेलं आहे. मी त्याला इतकंच म्हटलं, "पोराला बघ तरी. दोन-तीन दिवस चिखलदऱ्याला जाऊ, मग नाही म्हण."

दादाने हातातली वही मिटली. मग म्हणाला, "माल पाहिल्याबिगर भाव मीबी करत नाई. त्याले म्हना, तू बनवतं ते घेऊन ये. मी पेनार नाई. पाहीन."

ही आमच्या सहलीची सुरुवात. ज्यांना थंडीत मेळघाटाकडे जायचं आहे आणि सोबत एखादी बाटली न्यायची आहे, त्यांच्यासाठी उपयोगाच्या गोष्टीही मधूनमधून सांगते.

पहिली गोष्ट खरेदीची. सागर त्याच्याकडची लाल वाईन आणणार होता, पांढरी मी घ्यायची ठरली. पाटीवर 'वाईन शॉप' असलेल्या दुकानात गेले, तर काउंटरवरचा माणूस चक्रावला. "काकू, वाईन? म्हंजे खरोखरची वाईन?" सगळ्यात वरच्या फळीवर, नेमक्या उन्हाच्या तिरिपेत तीन बाटल्या धूळ खात उभ्या होत्या. मी म्हटलं, या नकोत, आत खोक्यात बंद असेल तर द्या. उन्हात राहिलेली बाटली कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. आतून निघालेली बाटली साडेआठशेला पडली. परवान्याची चिठ्ठीही मागून घेतली, ती गाडीत असलेली बरी. सहलीला फिरकीच्या झाकणाची बाटली सोयीची, कारण बूच काढायचं हत्यार घरी विसरणं हा आपला राष्ट्रीय गुण आहे.

जानेवारीतल्या शुक्रवारी सकाळी सागर रेल्वेने अकोल्यात उतरला. उंच, किडकिडीत, आणि त्याची बाटली टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलेली. रुजू आदल्या दिवशीच आली होती. वहिनी गुडघ्यांमुळे घाट टाळतात, त्यांनी रोडग्यांचं जाडंभरडं पीठ, तूप आणि वांगी डब्यांत भरून दिली. सात वाजता निघालो. अकोट, अंजनगाव, परतवाडा असा रस्ता धरला. कुठे गुळगुळीत, कुठे काम चाललेलं, त्यामुळे निघण्याआधी कोणाला तरी विचारून घ्या. अंजनगावच्या अलीकडे गरम कचोरी खाल्ली, चौघांचे मिळून दीडशे रुपये.

गाडीत दादा पुढे बसला होता आणि परतवाड्यापर्यंत सागरशी एकदाच बोलला. रुजूने सोललेल्या संत्र्याची फोड सागरने तोंडात टाकली, तेव्हा दादा मान न वळवता, नुसत्या वासावरून म्हणाला, "वरुडकडचं हाय. तोडून आठ दिवस झाले. पेटीत वारा नोता." सागर चकित. रुजूने मागून मला बोटाने टोचलं, म्हणजे बघ, बाबा बोलले!

घाटात दोन्ही बाजूंना सागवान, वळणावळणाला वानरं. नाक्यावर गाडीची पावती फाडली. तिथल्या कर्मचाऱ्याने डिकीकडे बोट करून बजावलं, "पॉइंटवर, जंगलात बाटल्या फोडू नका बरं काकू." काकूंचा चेहराच तसा असावा. पण म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. जंगलात, कड्यावर, किल्ल्यावर बाटली उघडायचीच नाही. आम्ही गावाबाहेर एका कुटुंबाचं घर घेतलं होतं, मागे त्यांचं स्वतःचं कुंपण घातलेलं वावर, म्हणजे शेत. दोन खोल्या, रात्रीचे अठ्ठावीसशे, सकाळचा चहा-पोहे धरून. मालकिणीला आधी फोनवर सगळं सांगून परवानगी घेतली होती. ज्याला गाडी चालवायची आहे त्याने त्या दिवशी एक थेंबही घ्यायचा नाही, हा माझा नियम.

त्या संध्याकाळी गाविलगडावर गेलो. वारा असा की बोलणं उडून जावं. सागरने स्वेटर आणला नव्हता, नाशिकची थंडी म्हणजेच थंडी असा त्याचा समज. परतल्यावर इथलीच कॉफी प्यायलो, जरा कडवट पण मनापासून आवडली. तोवर सागरला शिंका सुरू झाल्या होत्या. दादाने आपली शाल त्याच्याकडे सरकवली, तीही अशी, की जणू खुर्चीवर जागा करतोय.

शनिवारी दुपारी रोडग्यांचा बेत होता. आमच्याकडे वावरात जाऊन जेवायचं म्हणजे हेच. गव्हाच्या पिठाचे पदराचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून फोडायचे आणि तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची झणझणीत भाजी. हे काम दादा कोणाला करू देत नाही. सागर मदतीला गेला, हाताला चटका बसला, तरी हटला नाही. दादा म्हणाला, "राख झटक, रोडगा नको झटकू." मला हे शुभ वाटलं.

मी पांढरी बाटली दोन तास ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत वाऱ्यावर ठेवली होती. मस्त गार झाली. तिखट वांग्यासोबत अशीच गार, किंचित गोडसर पांढरी घ्या. जड लाल वाईन तिखटाला आणखी भडकवते, हे मी स्वतःच्या जिभेवर शिकले आहे. काचेचे पेले नसले तरी अडत नाही. आम्ही चार नेले होते.

चौथा कोणासाठी, असं दादाने विचारलं नाही. सागरने पेल्याच्या तळाशी दोन घोट ओतून त्याच्यासमोर धरला. "काका, प्यायची नाही. फक्त वास घ्या."

दादाने पेला घेतला, संत्रं हुंगतो तसाच नाकाशी नेला, डोळे मिटले. "पेरू हाय याच्यात. अर्धा कच्चा. अन् हिरवी ढोबळी मिरची फोडली का येते, तो वास."

सागर उडालाच. "काका, आमच्याकडे नवीन मुलांना हे ओळखायला वर्ष लागतं!"

"चाळीस वर्षं फळंच हुंगून राहिलो ना बाबू," दादा म्हणाला, आणि पहिल्यांदाच हसला. मला वाटलं, झालं आपलं काम. रुजूने माझा हात दाबला.

मग सागरने टॉवेलातली लाल बाटली काढली. ती बनवताना तो पहिल्यांदा स्वतः मिश्रण ठरवणाऱ्यांत होता, म्हणून तीन वर्षं जपून ठेवलेली. बाजारात तिचे दोन हजारांवर पडतात. बूच काढलं, पेला फिरवला, आणि आमच्याकडे बघत म्हणाला, "पिकलेलं जांभूळ, थोडं चॉकलेट, शेवटी लवंग." मी घोट घेतला. खरं सांगू? मला काहीच लागलं नाही. तरी मी मान डोलावून "वा!" म्हटलं. मोठ्या किमतीची वाईन कळली नाही असं कोण कबूल करतं?

दादाने वास घेतला. पुन्हा घेतला. पेला खाली ठेवला.

"ओला खोका."

"काय बाबा?" रुजूचा आवाज बारीक झाला.

"पावसात भिजलेला पुठ्ठ्याचा खोका गोदामात चार दिवस रायला का येते, तो वास. माल खराब हाय."

मी मनात म्हटलं, संपलं. एवढ्या कौतुकाने आणलेली चीज, आणि दादाने तिला खराब म्हटलं! रुजूच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, बाबा मुद्दाम अपमान करतायत. सागर हसून वेळ मारून नेऊ शकला असता. दारू न पिणाऱ्या माणसाला काय कळतं, असं मनात म्हणू शकला असता. मी तर म्हणालेच होते.

तो उठला, बाजूला जाऊन नाक शिंकरलं, पाण्याने चूळ भरली आणि परत येऊन पेला नाकाशी धरला. खूप वेळ. मग घोट घेऊन लगेच थुंकला.

"काका, तुमचं बरोबर आहे," तो म्हणाला. "बुचात दोष असला की वाईनला हाच वास लागतो. ही बाटली गेली." त्याचे कान लाल झाले होते. "आणि मघाशी मी जांभूळ, लवंग म्हणालो ना, ते मला लागलंच नव्हतं. सर्दीने नाक बंद आहे. पाठ होतं, म्हणून बोललो. तुमच्यासमोर छान दिसावं म्हणून."

दादाने विचारलं, "आता काय करशीन हिचं?"

"ओतून देतो."

आणि त्याने ती तीन वर्षांची बाटली गोवऱ्यांच्या राखेवर रिकामी केली. मला माझ्या त्या "वा!"ची फार लाज वाटली, आणि मी तेव्हाच सगळ्यांसमोर कबूल केलं की मलाही काही लागलं नव्हतं. रुजू रडता रडता हसायला लागली. दादाने एक रोडगा फोडला, त्यावर तुपाची धार धरली आणि सागरच्या ताटात ठेवला. बाकीची दुपार पांढऱ्या बाटलीवर आणि तुरीच्या शेंगांवर मजेत गेली.

रविवारी परतताना चांदूरबाजारवरून रिद्धपूरला थांबलो. दादा हातपाय धुऊन निघाला. सागर गाडीपाशीच घुटमळत होता. "मी इथेच थांबतो काका. माझं काम असं..."

"काहून? देवाले भेटाले लायसन लागते काय?" दादा म्हणाला, आणि दोघं आत गेले. मी आणि रुजू मागोमाग. बाहेर आल्यावरही लग्नाबद्दल अवाक्षर नाही. अमरावतीत जेवलो, सागरला बडनेऱ्याहून गाडीत बसवून दिलं, संध्याकाळी अकोला. पेट्रोल, राहणं, खाणं मिळून चौघांचे साधारण अकरा हजार झाले, बाटल्या सोडून.

घरी आल्यावर आठवडाभर दादाचा फोन नाही. रुजू नाशिकला परत जायची थांबून माझ्याकडेच राहिलेली, रोज विचारायची, आत्या, काही म्हणाले का? मी तिथून आणलेली कॉफीची पुडी उघडली, फोटो लावले, पण जीव रमेना. डोंगर, वारा, वानरं सगळं छान होतं. मनात मात्र सारखा तो लाल कानांचा मुलगा यायचा, आणि मी इतकी वर्षं किती गोष्टींना न लागताच "वा!" म्हटलं असेल, हा विचार.

नवव्या दिवशी सकाळी दादा दारात. खांद्यावर संत्र्याची पेटी. "रुजू उद्या चालली ना? सागरच्या घरी देजो म्हना."

मी झाकण उघडलं आणि ओरडलेच. वरच्या थरात सगळी डागाळलेली, वेडीवाकडी संत्री. "दादा, डागी माल वर लावलास?"

"खाली पाह्य."

खाली एकाहून एक सरस फळ, हातात मावणार नाही असं.

"चाळीस वर्षं आडतीत चांगला माल वर लावला व सुमे. सारेच लावतेत. त्या पोरानं तीन वर्षं जपलेली चीज माह्यासमोर खराब म्हनली." दादा खुर्चीत टेकला. "दारू मी पेनार नाई, लग्नात येऊबी देनार नाई. पन आपले डाग त्यायले पयले दिसू दे."

पेटीवर पाठवणाऱ्याचं नाव घालायला मी मार्कर घेतला आणि सवयीने आडतीचं नाव लिहायला लागले. दादाने हात धरला.

"आडत काहून लिहून राहिली? 'मुलीकडचे' लिही."